अनुभव धागा : सातारा हिल हाफ, मुलांबरोबर आणि मित्रमंडळींबरोबर

मुलं कमावती झाली की 'एकदा सगळे मिळून पळूया' हा विषय घराघरांत निघतो. त्यात महाराष्ट्रात बऱ्याच जणांची पहिली पसंती साताऱ्याला असते. २०१२ पासून होणारी ही २१.०९७५ किलोमीटरची शर्यत, म्हणजे हाफ मॅरेथॉन, पावसाळा सरत आला की येते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, वर वळसा घ्यायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. पन्नाशीतले आई-बाबा, पंचविशीतली मुलं आणि दोघांचे मित्र असा गट घेऊन जाणाऱ्यांनी इथे लिहावं. कोण कधी पळालं हे राहू द्या. काय करायचं, किती करायचं आणि कुठे बिघडतं, तेवढं नेमकं सांगा.

मुलाबरोबर पळणारे बाबा, पुणे

सगळ्यात आधी 'एकत्र' म्हणजे काय ते घरी बसून ठरवा. पंचविशीतल्या मुलाचा दम चांगला असतो, पण सलग दोन-अडीच तास पायांवर राहायची सवय नसते. बाबांचं नेमकं उलट असतं. पोरगं पहिल्या पाच किलोमीटरमध्ये पुढे निघून जातं आणि परतीच्या उतारावर मांड्या धरून चालताना सापडतं. म्हणून आमचा नियम असा : चढ एकत्र, तोही गटातल्या सगळ्यात सावकाश माणसाच्या वेगाने. वळशापाशी माणसं मोजायची. उतार ज्याचा त्याने उतरायचा. शेवटी भेटायची जागा आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन बघून ठरवायची, कारण गर्दीत फोन लागेलच असं नाही.

नोंदणीचा फॉर्म भरतानाही एक चूक होते. प्रत्येक जण आपापली अपेक्षित वेळ लिहितो आणि मग सुरुवातीचे गट वेगळे पडतात. मागच्याला पुढच्या गटात सोडत नाहीत, पुढच्याला मात्र मागे येऊन उभं राहता येतं. त्यामुळे सगळ्यांनी मागच्या गटात उभं राहावं. चिपची (वेळ नोंदवणाऱ्या छोट्या पट्टीची) वेळ तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडल्यावरच सुरू होते, तेव्हा वेळेचं नुकसान काही नाही.

सपाटीवर २ तास १५ मिनिटं म्हणजे किलोमीटरला ६:२४ (मिनिटं:सेकंद), अडीच तास म्हणजे ७:०७ आणि तीन तास म्हणजे ८:३२. साताऱ्यासाठी आपल्या सपाटीच्या वेळेत पंधरा-वीस मिनिटं वाढवून धरा.

ठाण्याहून, लेक आणि तिच्या मैत्रिणींचा गट

सरावाला सोळा आठवडे हवेत, बाराच्या खाली जाऊ नका. आठवड्यातून चार दिवस : दोन सोप्या धावा, एक चढाची, एक लांब. लांब धाव ८ किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू १८ पर्यंत न्यायची, दर चौथ्या आठवड्यात कमी करायची. शेवटची मोठी धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी.

मुलं नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असली तर रोज एकत्र सराव होत नाही. तरी महिन्यातून एक लांब धाव एकत्र कराच. कोणाचा वेग कुठे कोलमडतो ते तेव्हाच कळतं. ठाण्यात येऊरचा रस्ता आहे, बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंतचा रस्ता आहे, पुणेकरांना बोपदेव घाट आणि सिंहगडाचा डांबरी रस्ता आहे. तिथे चढून गाडीने खाली येऊ नका. साताऱ्यात पाय दमतात ते उतारावर, आणि सराव नेमका त्याचाच राहून जातो.

उतारावर मांडीचा स्नायू लांब होत असतानाच वजन पेलतो, त्याची सवय घरीही लावता येते. जिन्याच्या एका पायरीवर उभं राहून एक पाय खालच्या पायरीकडे तीन आकडे मोजत उतरवायचा, टाच जेमतेम टेकवायची आणि परत वर यायचं. प्रत्येक पायाने १० वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. गुडघा आत वळला तर पायरीची उंची कमी करा.

सातारकर

घाट चढताना घड्याळातल्या वेगाकडे बघू नका. चढाच्या टक्क्याप्रमाणे वेग बदलतो, मेहनत बदलू नये. 'शुभं करोति'च्या दोन ओळी एका दमात म्हणता येत असतील तर बरोबर चाललंय. एकाच ओळीत दम लागला तर चालायला लागा. गटासाठी चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, पण हे पहिल्या चढापासून करायचं, दमल्यावर नाही. चालताना डाव्या कडेला या आणि मागच्याला हात दाखवून मगच थांबा.

नागमोडी वळणावर आतली कड जवळची दिसते, पण चढ तिथेच सगळ्यात उभा असतो. चढताना बाहेरच्या बाजूने दोन-चार पावलं जास्त पडतात, श्वास मात्र जागेवर राहतो.

घाटात एका ओळीत चौघं-पाच जणं हातात हात घालून पळू नका. वरून उतरणारे वेगात असतात आणि रस्ता तोच आहे. दोघा-दोघांच्या जोड्या करा. फोटो वर, वळशानंतर मोकळी जागा बघून काढा.

गुडघ्यांचा विचार करणारी आई, कोल्हापूर

उतारासाठी पावलं लहान आणि भराभर. पाय अंगाच्या पुढे टाकून टाचेवर ब्रेक लावला की धक्का थेट गुडघ्यात जातो. पाऊल अंगाखालीच पडलं पाहिजे, नजर दहा-पंधरा पावलं पुढे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि रिफ्लेक्टर ओले असले की फार निसरडे होतात. त्यांच्यावर पाय देऊ नका.

पायाची नखं काळी पडतात ती उतारावर, बोटं बुटाच्या टोकावर आपटल्यामुळे. नखं चार दिवस आधी कापा. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. वळशापाशी एक मिनिट थांबून नाडी अशी बांधा : बुटाच्या सगळ्यात वर घोट्याजवळ जे जादाचं भोक असतं, त्यातून नाडी त्याच बाजूला परत घालून छोटा फासा करायचा. दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग डावं टोक उजव्या फाशातून, उजवं डाव्यातून, खालच्या दिशेने ओढून नेहमीची गाठ. टाच मागे घट्ट बसते, बोटं पुढे सरकत नाहीत. घरी दोनदा बांधून बघा. फासा जास्त आवळला तर पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात.

खाणं-पिणं, नाशिकहून

आदल्या रात्री वरणभात-तूप, बटाट्याची भाजी. उसळ, कोबी, मिसळ नको. सकाळी दीड-दोन तास आधी केळं आणि जॅम-ब्रेड. वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये (पळताना खायची गोड, दाट पेस्टची पुडी) साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणून दर ४०-४५ मिनिटांनी एक, नेहमी साध्या पाण्याबरोबर. जेलवर एनर्जी ड्रिंक घेतलं की पोटात कळ येते. जेल नको असेल तर बी काढलेला खजूर. चिक्की मात्र चढावर, धाप लागलेली असताना तोंडात ठेवू नका.

इलेक्ट्रॉलचं मोठं पाकीट २१.८ ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यासाठी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळं ओतू नका, घट्ट द्रावणाने मळमळतं. दुसरी चूक याच्या उलट : थंड हवेत, पावसात, प्रत्येक टेबलावर पाणी पीत सुटणं. रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकं जड होतं, ओकारी येते. तहान लागेल तसं प्या.

एक महत्त्वाची पुरवणी

धावण्याआधी ब्रुफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर ताण येतो. चाळीशीपुढच्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल तर त्याहूनही आधी, सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासून घ्या. छातीत दडपण, चक्कर, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर जागीच थांबायचं, आणि बरोबरच्यानेही थांबायचं. बिबच्या (छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या) मागे रक्तगट आणि गटाबाहेरच्या, घरी असलेल्या माणसाचा नंबर लिहा. मुलगा आपल्याबरोबरच पळत असेल तर त्याचा नंबर काय कामाचा? आपापसात बिब बदलू नका, मागची माहिती दुसऱ्याचीच निघते.

पावसाबद्दल

सुती टी-शर्ट ओला झाला की जड होतो आणि घासतो. काखेत, मांड्यांच्या आत, ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन, पुरुषांनी छातीवर चिकटपट्टी. सुरुवातीला उभं राहताना कचऱ्याची मोठी पिशवी डोक्या-हातांपुरती कापून घाला, निघताना काढून डब्यात टाका. नवे बूट, नवे मोजे त्या दिवशी नाहीत. कोरडे कपडे आणि चपला सामानाच्या पिशवीत हव्यातच.

परतीचं

शेवटची रेघ ओलांडली की लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. ओले कपडे आधी बदला, मग कंदी पेढे. पुणे जवळपास ११० किलोमीटर, मुंबई अडीचशेच्या पुढे, तेव्हा पळालेल्या माणसाने गाडी चालवू नये. न पळणारं एक कोणी बरोबर घ्या किंवा रात्र साताऱ्यात काढा. तासातासाने उतरून पाय मोकळे करा. मांड्या सगळ्यात जास्त दुखतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना. मुलांनी सोमवारची रजा आधीच टाकून ठेवावी, आणि जिना उलटा, कठडा धरून उतरावा.