मदत हवी आहे: एम२ वर डॉकिंग करतेय, आकडे उलटेच येताहेत

वैतागलेली_बायोटेक
सोमवारी डिझर्टेशनचा ड्राफ्ट द्यायचाय आणि सगळं अडलंय. फ्लूच्या विषाणूच्या एम२ प्रथिनावर डॉकिंग करतेय, म्हणजे रेणू प्रथिनात कुठे नि किती घट्ट बसेल ते संगणकावर बघतेय. स्कोअर जितका उणे तितकी पकड घट्ट. अमँटाडिन या औषधाचा स्कोअर उणे ४.९, आणि वनस्पतींतल्या क्वर्सेटिनचा उणे ७.२! वनस्पतींतला कुठलाही रेणू टाका, औषधाच्या वरचढ. गाईड म्हणतात, मूळ औषधच हरतंय म्हणजे पद्धतीत गडबड आहे. कुठे, ते सांगत नाहीत. सॉफ्टवेअर ऑटोडॉक विना, लॅपटॉप ८ जीबी. पटकन सांगा प्लीज.

पेशीपुराण
कुठला एम२? इन्फ्लुएंझा ए चा की बी चा? बी च्या बीएम२ वर अमँटाडिन चालतच नाही. रचना कुठली घेतलीस, ग्रिड बॉक्स (रेणू जिथे बसवून बघायचा ती चौकट) कुठे ठेवलास? लॅपटॉपची रॅम तेवढी कळली.

वैतागलेली_बायोटेक
ए चाच, अजून कुठला असणार? व्हिडिओत दाखवलंय तसं केलं. पाणी काढलं, आधीचा लिगंड (प्रथिनाला चिकटलेला रेणू) काढला, ए साखळी ठेवली, हायड्रोजन लावले. बॉक्स अख्ख्या प्रथिनाभोवती.

निवृत्त_केमिस्ट
अमँटाडिन! आमच्या दुकानात या गोळ्या पार्किन्सनच्या पेशंटसाठी जायच्या. गंमत म्हणजे अमेरिकेत १९६६ मध्ये मान्यता मिळाली ती फ्लूसाठी. मग पार्किन्सन असलेल्या एका बाईंनी फ्लू टाळायला म्हणून घेतली आणि हातांची थरथर कमी झाली. डॉक्टरांनी १९६९ मध्ये ते छापलं. आता फ्लूला कोणी देत नाही, थरथरीला देतात. बाकी तुमचं ते डॉकिंग मला कळत नाही.

रानमेवा
ताई, उत्तर तर तुमच्याच आकड्यात आहे. वनस्पती जिंकली! तुळस, गवती चहा, आलं, मिरी यांचा काढा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतात. हेच थिसिसमध्ये लिहा की.

लिपिड_लहरी
"ए साखळी ठेवली" म्हणजे बाकीच्या तीन उडवल्यास? मग चॅनेल राहिलंच कुठे! एम२ ची एक साखळी ९७ अमिनो आम्लांची; तशा चार विषाणूच्या पटलात शेजारी शेजारी उभ्या राहतात तेव्हा त्यांच्या मधोमध भोक तयार होतं. अमँटाडिन त्या भोकात, सेरीन ३१ च्या आसपास, बुचासारखं बसतं. त्याच्या खाली हिस्टिडिन ३७ आम्लता ओळखतो आणि ट्रिप्टोफॅन ४१ दार लावतो. तुझ्याकडे एक सुटं हेलिक्स (मळसूत्रासारखी साखळी) आहे, औषध त्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटणार नाहीतर काय करणार? एकच साखळी ठेवायची कृती एकट्याने काम करणाऱ्या एन्झाइमसाठी ठीक, इथे नाही.

आणि @रानमेवा, विनाचा स्कोअर रेणू मोठा झाला की आपोआप वाढतो. अमँटाडिनमध्ये हायड्रोजन सोडून ११ अणू, क्वर्सेटिनमध्ये २२. दर अणूमागे भागा: ०.४५ विरुद्ध ०.३३. कोण जिंकलं?

रानमेवा
आकड्यांचे खेळ आहेत सगळे. काढ्याने माणसं बरी होतात.

सातारी_तडका
फ्लू चार-पाच दिवसांत काढ्याशिवायही बरा होतो. असो. मुळात हा विषयच का घेतला? एम२ हे मेलेलं लक्ष्य आहे. एस३१एन बदल (३१ व्या जागी सेरीनऐवजी ॲस्पॅराजिन) इतका पसरला की अमेरिकेच्या सीडीसीने जानेवारी २००६ मध्येच अमँटाडिनसारखी औषधं फ्लूला वापरू नका म्हणून सांगितलं. २००९ चा स्वाइन फ्लू तर तो बदल घेऊनच आला. पुण्यात तेव्हा टॅमिफ्लूसाठी रांगा लागल्या होत्या, अमँटाडिन कोणी विचारलंसुद्धा नाही.

घरगुती_प्रश्न
टॅमिफ्लू पण हे भोकच बंद करते का? भाच्याला कालपासून ताप आहे. द्यावी का?

पेशीपुराण
नाही. ती न्यूरामिनिडेज या वेगळ्या प्रथिनावर काम करते. द्यावी की नाही ते त्याला तपासणारा डॉक्टर ठरवेल. इथे विचारू नका.

लिपिड_लहरी
@सातारी_तडका, औषध मेलं म्हणजे लक्ष्य मेलं असं नाही. विषाणू पेशीत शिरल्यावर एंडोसोममधलं (विषाणूला आत आणणाऱ्या पेशीतल्या पिशवीतलं) आम्ल याच भोकातून आत येतं, तेव्हा कुठे त्याचं आरएनए सुटतं. ते काम चालू ठेवायचं तर भोकाच्या आतल्या भिंतीत विषाणूला फार फेरफार परवडत नाहीत. म्हणून एस३१एन, व्ही२७ए असे मोजकेच बदल सारखे दिसतात. संशोधक डीग्राडो यांच्या गटाने २०१३ मध्ये एस३१एन असलेलं भोक अडवणारे रेणू दाखवलेत.

सातारी_तडका
दाखवलेत ना? मग गोळी कुठाय? आणि नुसत्या डॉकिंगला काय अर्थ? पिंटो, होल्सिंगर आणि लँब यांनी १९९२ मध्ये झेनोपस बेडकाच्या अंडपेशींत एम२ घालून प्रत्यक्ष विद्युतप्रवाह मोजला, तेव्हा लोकांनी मान्य केलं की हे चॅनेल आहे. कोविडच्या विषाणूच्या, सार्स-कोव्ह-२ च्या, ओआरएफ३ए प्रथिनाचं बघा. २०२१ मध्ये एका गटाने रचनेसकट चॅनेल म्हणून मांडलं, २०२३ मध्ये दुसऱ्याने तपासून सांगितलं की हे चॅनेल नाहीच. प्रवाह मोज आधी.

वैतागलेली_बायोटेक
आमच्या डिपार्टमेंटला सेंट्रिफ्यूज धड नाही, बेडूक कुठून आणू? वाद नंतर घाला ना.

पेशीपुराण
कोविडचंच हवं असेल तर ई प्रथिन बघ. ७५ अमिनो आम्लं, पाच साखळ्यांचं भोक, पटलातल्या भागाची एनएमआर (चुंबकीय तंत्राने काढलेली) रचना २०२० पासून उपलब्ध आहे.

वैतागलेली_बायोटेक
सोमवार म्हटलंय मी! विषय नाही बदलत आता.

बरं, चारही साखळ्या ठेवून, बॉक्स भोकापुरता छोटा करून परत लावलं. अमँटाडिन आत गेलं. क्वर्सेटिन तोंडाशीच अडकतंय, स्कोअरही घसरला. पण अमँटाडिनचा नायट्रोजन वर, बाहेरच्या बाजूला येतोय. पेपरात खाली दाखवलाय.

लिपिड_लहरी
अमाइनवर (त्याच नायट्रोजनच्या गटावर) धनभार दिलास का? शरीरातल्या पीएचला ते जवळपास पूर्ण प्रोटॉनेटेड (जादा प्रोटॉन घेतलेलं) असतं. आणि पाणी काढलंस म्हणालीस. भोकातलं पाणी त्या नायट्रोजनला खाली धरून ठेवतं, ते परत घालून बघ. विनाने दिलेल्या नऊही पोझ (रेणूच्या बसण्याच्या तऱ्हा) उघड, फक्त पहिली नको. खालच्या तोंडाची एखादी असेलच, दोघींच्या स्कोअरमध्ये किती फरक आहे ते इथे टाक.

निवृत्त_केमिस्ट
गोळी १०० मिलिग्रॅमची असायची. झोप उडते म्हणून संध्याकाळी घेऊ नका सांगायचो.

वैतागलेली_बायोटेक
फरक ०.२ चा आहे. पाणी घालून लावलंय, रन चालू आहे. अजून एक: रचना कुठली ते मगाशी सांगायचं राहिलं, ती एस३१एन वाली आहे. चालेल ना?

सातारी_तडका
🤦 ज्या भोकावर औषध चालत नाही त्यातच औषध बसवतेयस आणि वर ते हरतंय म्हणतेस! मूळ सेरीन ३१ असलेली, अमँटाडिनसकट सोडवलेली रचना उतरव. मग दोन्हींची तुलना लिही, तेच तुझं प्रकरण तीन.