हिकावा मारू : वरचा मजला आणि खालचा मजला

दोन महायुद्धांमधल्या काळात पॅसिफिक ओलांडणाऱ्या बोटींवर फक्त हौशी श्रीमंत असायचे, असं सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. 'हिकावा मारू' या जपानी प्रवासी बोटीचंच बघा. १९३० पासून ती योकोहामा-सिअ‍ॅटल मार्गावर धावायची. १९३२ मध्ये चार्ली चॅप्लिन जपानहून परतताना तिच्यावरच होता, म्हणून पहिल्या वर्गाचीच चर्चा जास्त होते. पण त्याच बोटीत तिसरा वर्गही होता : अरुंद खोल्या, एकावर एक बंक. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने जपानी स्थलांतरितांना दार बंद केलं होतं, त्यामुळे नशीब काढायला निघालेल्यांची पूर्वीची गर्दी आटली होती.

मला मात्र सगळ्यात चटका लावतात ते ज्युडोचे जनक जिगोरो कानो. १९४० चं ऑलिंपिक टोकियोलाच राहावं म्हणून ७७ व्या वर्षी ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कैरोच्या बैठकीला गेले आणि अमेरिका खंडमार्गे या बोटीने परत निघाले. ४ मे १९३८ ला न्यूमोनियाने बोटीवरच गेले. योकोहामा फक्त दोन दिवसांवर होतं! शवपेटीवर ऑलिंपिकचा ध्वज पांघरून त्यांना किनाऱ्यावर उतरवलं. ते ऑलिंपिक पुढे झालंच नाही.

बोट आजही योकोहामाच्या यामाशिता बागेसमोर उभी आहे. गेलात तर खालचे बंक आवर्जून बघा.