डाउन पेमेंटची बचत: ‘आधी बाजूला काढा, उरलेल्यात भागवा’ हा सल्ला जूनमध्ये मोडतो

हिशेबनीस (धागाकर्ता):

घरासाठी पैसे साठवायचे म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: पगार झाला की रक्कम आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात भागवा. माझं मत असं की हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यामुळेच बहुतेकांची आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) दुसऱ्या वर्षी मोडते.

पुण्यातलं एक उदाहरण मांडतो. नवरा-बायको, शाळेत जाणारं एक मूल. दोघांचे मिळून हातात १,१०,००० येतात. रावेतमध्ये बांधकाम चालू असलेला ७५ लाखांचा टू बीएचके घ्यायचाय.

महिन्याचा खर्च: भाडं २४,०००, किराणा ९,०००, दूध २,७००, भाजी-फळं ५,०००, सिलेंडर ९००, लाइट बिल १,५००, मोबाइल-इंटरनेट १,७००, धुणं-भांडी-केर ३,५००, दोन गाड्यांचं पेट्रोल ४,५००, बाहेरचं खाणं ४,०००, औषधं १,५००, गावी आई-वडिलांना ८,०००. बेरीज ६६,३००, म्हणजे शिल्लक ४३,७००. इथेच लोक थांबतात आणि ४३ हजारांची आरडी लावून मोकळे होतात.

आता वर्षाचे खर्च. शाळेची फी ७२,०००. टर्म आणि आरोग्य विम्याचे हप्ते ३८,०००. गाड्यांचा विमा आणि सर्व्हिसिंग १४,०००. गणपती-दिवाळी ३०,०००. गावी चार खेपा १६,०००. लग्नकार्यं, आहेर १५,०००. कपडे २०,०००. फ्रिज-गिझर-मिक्सरची दुरुस्ती ११,०००. एकूण २,१६,०००. भागिले बारा केले की महिन्याला १८,००० होतात. खरी बचत म्हणून २५,७०० उरते.

आणि उद्दिष्टही लोक चुकीचं धरतात. ‘२० टक्के म्हणजे १५ लाख’ असं नसतं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जावर बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. म्हणजे १५ लाख, शिवाय घराच्या किमतीच्या ७ टक्के मुद्रांक शुल्क ५.२५ लाख, नोंदणी ३०,०००, ५ टक्के जीएसटी ३.७५ लाख, शिवाय सोसायटीचं आगाऊ मेंटेनन्स, वकील, प्रोसेसिंग फी मिळून सव्वा लाखाच्या आसपास. रोख लागते साडेपंचवीस लाख. किमतीचा एक तृतीयांश.

व्याज ६.५ टक्के धरा, त्यावरचा कर सोडून द्या. ४३,७०० च्या हिशेबाने ५१ महिने लागतात, २५,७०० ने ८०. हा फरक पहिल्या दिवशी कागदावर दिसायला हवा.

चौथा_मजला:

असहमत. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष नाही. वर्षाच्या खर्चासाठी १८,००० आधीच राखून ठेवले की ते खर्च होणारच. दिवाळीला ३० हजार ‘मंजूर’ असले की दिवाळी ३० हजारांचीच होते. हात आखडता असला तर तीच १५ मध्ये छान होते. ४३ ची नसेल तर ३५ हजारांची आरडी लावा, तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा, आणि घर त्या चौकटीत बसवा. खर्च आधी ठरवून बचत करणारे कधीच घरापर्यंत पोचत नाहीत.

हिशेबनीस:

दिवाळी आणि कपडे आटतील, मान्य. पण २,१६,००० पैकी शाळा, विमा आणि गाड्या मिळून १,२४,००० होतात, आणि ते इच्छाशक्तीने कमी होत नाहीत. त्यातला मोठा भाग जूनच्या आसपास एकदम समोर येतो. तेव्हा खात्यात पैसे नसले तर दोनच वाटा: आरडी मोडायची, नाहीतर क्रेडिट कार्ड. कार्डाची थकबाकी पुढे ढकलली की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज. आरडीवर वर्षाला साडेसहा मिळवायचे आणि कार्डावर वर्षाला ३६ ते ४२ भरायचे, याला बचत कसं म्हणणार?

शिवाय फीचे किंवा फोनचे ईएमआय करून घेतले की पुढे कर्जच कमी मिळतं. ८ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखामागे साधारण ८३६ पडतो. अर्जाच्या वेळी ४,००० चा एखादा हप्ता चालू असेल, तर पात्रता पावणेपाच लाखांनी खाली येते.

ओंजळ:

माझा मुद्दा दोघांपेक्षा वेगळा आहे. आकडे मुळात येतात कुठून? ‘किराणा ९,०००’ हे बहुतेक घरांत अंदाजपंचे असतं. तीन महिने वही लिहिल्याशिवाय कोणतंही बजेट खरं नसतं. आयुष्यभर लिहायची गरज नाही. तीन महिने पुरेत, पण त्यात एखादा सणाचा महिना हवा.

लिहायचं त्याच दिवशी. यूपीआयच्या यादीवर विसंबू नका. आठ दिवसांनी यादी उघडली की ३४० रुपयांसमोर फक्त एका माणसाचं नाव दिसतं. तो भाजीवाला होता, रिक्षावाला की झेरॉक्सवाला, काही कळत नाही, आणि असे महिन्याला साठ-सत्तर व्यवहार असतात. पैसे पाठवताना शेरा लिहायच्या जागी ‘भाजी’, ‘औषध’ एवढा एक शब्द टाका, निम्मं काम तिथेच होतं.

वहीत चार रकाने ठेवा: घरात लागणारं, बाहेरचं खाणं, येणं-जाणं, आणि ‘दहा मिनिटांत घरपोच’. हा चौथा मुद्दाम वेगळा ठेवा. पाव लिटर दही आणि कोथिंबीर मागवली की डिलिव्हरी, हँडलिंग, छोट्या ऑर्डरचा आकार असं काय काय लागतं, आणि फुकट डिलिव्हरीची मर्यादा गाठायला बिस्किटांचे दोन पुडे वाढतात. हे बिल एरवी किराण्यात मिसळून जातं आणि मग किराणा महागला असं वाटतं.

वर्षाच्या धान्याचंही तेच. तिघांच्या घराला गहू महिन्याला १०-१२ किलो लागतो. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचा एकदम भरला तर किलोमागे सहा-आठ रुपये वाचू शकतात, पण कडक ऊन देऊन, पूर्ण गार करून, कोरड्या पिंपात भरला तरच. गरम गहू तसाच भरला की झाकणाखाली पाणी धरतं आणि पावसाळ्यात पोरकिडे होतात. फ्लॅटला गच्ची नसेल तर चार महिन्यांपुरताच घ्या.

पवनाकाठ:

ओंजळ, वही चांगलीच, पण ताकद कुठे लावायची तेही पाहा. किराण्यात काटेकोरपणा करून महिन्याला १,००० वाचले तर हिशेबनीसांच्या ८० महिन्यांचे ७७ होतात. भाडं २४ चं १७ हजार झालं तर?

पूर्ण हिशेब करू, कारण इथेही लोक फसतात. वर्षाला ८४,००० वाचले. त्यातून दलाली एक महिन्याचं भाडं १७,०००, टेम्पो-हमाली १२,०००, नोंदणीसह भाडेकरार ३,०००. लांब गेल्यामुळे पेट्रोल महिन्याला १,५०० जास्त, म्हणजे वर्षाला १८,०००. पहिल्या वर्षी हातात फक्त ३४,००० उरतात, दुसऱ्या वर्षापासून ६६,०००. म्हणजे एकाच वर्षासाठी घर बदलण्यात फारसा अर्थ नाही. खरेदी होईपर्यंत त्याच घरात राहता आलं तर ८० चे ६९ महिने होतात. जुनं डिपॉझिट परत येईपर्यंत नवं भरावं लागतं, तेवढे पैसे आधी हाताशी ठेवा. आणि ११ महिन्यांनी नूतनीकरणाला भाडं किती वाढणार ते करारातच लिहून घ्या.

माझं ठाम मत: भाड्याला हात न लावता भाजीत काटकसर करायला लावणं हा घरातल्या बाईवर अन्याय आहे. ती भाव करत राहते आणि २४ हजार मात्र प्रश्न न विचारता जातात.

ओंजळ:

शेवटचं वाक्य पटलं. पण भाडं कमी केल्यावर मुलाची स्कूलबस बदलली, बायकोच्या ऑफिसचा प्रवास पाऊण तासाने वाढला आणि त्यामुळे आठवड्यातून तीनदा डबा बाहेरून आला, तर ते पाच-साडेपाच हजार कुठे गेले ते वहीतच सापडेल.

सरळ_वाढ:

सगळे खर्चावर बोलताय, पण पैसे ठेवताय कुठे? ८० महिने म्हणजे जवळपास सात वर्षं. एवढ्या मुदतीला साडेसहा टक्क्यांच्या आरडीत बसणं म्हणजे घराच्या किमतीमागे धावत राहणं. इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड) एसआयपी करा, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम घाला. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही, त्यावर १२.५ टक्के. आरडीचं सगळं व्याज मात्र तुमच्या आयकराच्या स्लॅबने करपात्र.

चौथा_मजला:

कराचं बरोबर, पण डाउन पेमेंटला तारीख असते. २०२० च्या जानेवारीतल्या उच्चांकापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक ३८ टक्के घसरला होता. वर्ष संपायच्या आत तो सावरला, पण मधल्या काळात बिल्डरचं मागणीपत्र आलं असतं तर? हप्ता चुकला की महाराष्ट्रात रेराच्या (गृहप्रकल्पांसाठीच्या कायद्याच्या) नियमानुसार स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत दर) दोन टक्के असं व्याज लागतं. तेव्हा पडत्या भावात युनिट विकावे लागतात.

सरळ_वाढ:

म्हणून शेवटपर्यंत ठेवायचेच नाहीत. पहिली चार वर्षं निम्मे फंडात, निम्मे आरडीत. खरेदीला तीन वर्षं उरली की इक्विटीत, म्हणजे शेअर बाजारातल्या फंडात, नवा रुपया घालायचा नाही आणि असलेला भाग दर तीन महिन्यांनी थोडा थोडा एफडीत आणायचा. अट एकच: बाजार वर दिसतोय म्हणून हे वेळापत्रक पुढे ढकलायचं नाही. आणि तीन वर्षांतच घर घ्यायचं असेल, तर तुमचं बरोबर, इक्विटी नकोच.

पोस्टाच्या आरडीबद्दलही सावध राहा. ती पाच वर्षांची असते. तीन वर्षांनी बंद करता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं.

पवनाकाठ:

मला वाटतं उद्दिष्टच बदलावं. ४५ लाखांचा वन बीएचके घ्या. ९ लाख स्वतःचे, मुद्रांक शुल्क ३.१५, नोंदणी ०.३०, जीएसटी १ टक्क्याने ०.४५, इतर पाऊण लाख, एकूण १३.६५ लाख. २५,७०० च्या बचतीने ४७ महिने.

यात एक काटा आहे. १ टक्का जीएसटीची ४५ लाखांची मर्यादा पार्किंग, डेव्हलपमेंट चार्ज वगैरे सगळं धरून असते. ‘फ्लॅट ४४, पार्किंग २’ असं असेल तर एकूण ४६, आणि जीएसटी ४६ हजारांऐवजी २.३० लाख. भाव करताना शेवटचे लाख-दीड लाख इथे सगळ्यात मोलाचे.

हिशेबनीस:

वन बीएचकेला विरोध नाही, पण मूल दहावीला आलं की तो विकून मोठा घ्यावाच लागतो. तेव्हा नव्या घराचं ७ टक्के मुद्रांक शुल्क पुन्हा नव्याने, वर दलाली. आज वाचलेला वेळ तेव्हा पैशाने भरावा लागतो.

चौथा_मजला:

मग ७५ चंच लवकर बुक करा. सगळे साडेपंचवीस लाख एका दिवशी लागतच नाहीत. करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, पुढचे टप्पे बांधकामानुसार. जीएसटीही हप्त्याहप्त्याने.

हिशेबनीस:

इथे खरा धोका आहे, म्हणून सविस्तर सांगतो. करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब झाले की ७० टक्के, असा आदर्श कराराचा नमुना आहे. बँक तुमचे २० टक्के आधी भरायला लावते. म्हणजे करारापर्यंत १५ लाख, ५.२५, ०.३० आणि ३० टक्क्यांवरचा जीएसटी सव्वा लाखाच्या आत, मिळून २१.७ लाख लागतातच. लवकर बुक करून फार तर पावणेचार लाखांची सवड मिळते.

त्या सवडीची किंमत बघा. स्लॅब पूर्ण झाले तेव्हा बँकेने ३७.५ लाख दिलेले असतात. ८ टक्क्यांनी नुसतं व्याज महिन्याला २५,०००. ताबा मिळालेला नाही, म्हणून २४ हजार भाडं चालूच. तुमची सगळी २५,७०० ची बचत प्री-ईएमआयमध्ये, म्हणजे ताब्याआधीच्या या नुसत्या व्याजात, गेली, आणि उरलेला जीएसटी, मेंटेनन्सची रक्कम, विजेची फिटिंग याला काहीच शिल्लक नाही. ताबा वर्षभर लांबला तर वर्षभर हेच.

ओंजळ:

आणि ताब्यानंतर? ६० लाखांवर ८ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ५०,१८६. भाडं आणि बचत मिळून तुमच्याकडे ४९,७००. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर अजून धरलेलाच नाही. १,१०,००० च्या पगारावर हे घर आजच्या घडीला बसत नाही, निदान पाच-सहा लाख जास्त स्वतःचे असल्याशिवाय.

हिशेबनीस:

हे मान्य करावंच लागेल. मी ८० महिने धरले ते डाउन पेमेंटपुरते, हप्त्यासाठी नाही. ५४ लाखांचं कर्ज धरलं तर हप्ता ४५,२०० च्या आत येतो आणि मेंटेनन्सला जागा राहते. म्हणजे एक तर उद्दिष्ट साडेएकतीस लाख, नाहीतर घर ६५-६८ लाखांचं.

मुद्रांक शुल्कात एक वाट आहे. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ७५ हजार. नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की ती जाते. तो सहकर्जदार राहू शकतो, पण मालक नसल्याने व्याजावरची करवजावट त्याला मिळत नाही. जुन्या करप्रणालीत असाल तरच हा तोटा मोजा.

तळजाई_उतार:

सगळा धागा वाचला. एकच विचारते: आमच्याकडे पतसंस्थेत एक टक्का जास्त व्याज देतात. डाउन पेमेंटचे पैसे तिथे ठेवावेत का?

सरळ_वाढ:

नको. ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्थांना ते अजिबात नाही. आणि बँकेतही पाच लाख ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराची सगळी खाती आणि व्याज मिळून आहे, शाखा बदलून वाढत नाही. दहा लाखांच्या पुढे गेलात की दोघांच्या नावे वेगवेगळ्या बँकांत वाटून ठेवा, आणि एफडीच्या मुदती खरेदीच्या तारखेच्या महिनाभर आधी संपतील अशा घ्या. मुदतीआधी मोडली की बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का व्याज कापतात.