तारतम्य, विषमता, भेदभाव : डिस्टोपियावर लिहिताना कुठला शब्द कुठे?

शहापूर पेठ : डिस्टोपियन (जुलमी, भयाण राज्य रंगवणाऱ्या) कादंबऱ्यांतली विषमता आणि आजचा समाज, असा लेख मराठीत करायचा आहे. मसुदा लिहिणारे रोज कन्नड पेपर वाचणारे, त्यामुळे पानोपानी 'तारतम्य' आलंय. असमानता, विषमता, भेदभाव हे एकमेकांच्या जागी चालतात का? आणि डिस्टोपियाला मराठीत काय म्हणावं?

निपाणीकर : आधी तारतम्य काढा. कन्नडात 'लिंग तारतम्य' म्हणजे लिंगावरून भेदभाव. मराठीत तारतम्य हा गुण आहे, कमीजास्त ओळखण्याचा विवेक. 'अधिकाऱ्यांनी तारतम्य केलं नाही' हे बेळगावात कौतुक वाटेल, साताऱ्यात तक्रार. मूळ एकच, तर-तम, वाटा फुटल्या.

बाकीच्यांसाठी क्रियापद लावून बघा. भेदभाव 'करतात', म्हणजे करणारा कोणीतरी असतो. राज्यघटनेच्या 15व्या अनुच्छेदात मनाई आहे ती भेदभावाला. विषमता 'असते', 'वाढते', 'पोसली जाते'. 'त्याने विषमता केली' हे मराठी नव्हे. असमानता हा त्यातला थंड शब्द, दोन गोष्टी सारख्या नाहीत एवढंच सांगतो. आकडा हातात असेल तर तफावत. 'विषमतेची दरी' तेवढी नको, लिहून लिहून गुळगुळीत झाली आहे.

खानापूरकर : ही कसोटी कादंबऱ्यांना लावली की गंमत होते. ऑर्वेलच्या '1984'मध्ये (प्रकाशन 1949) 'आतल्या पक्षात', म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या वरच्या वर्तुळात, दोन टक्क्यांहून कमी लोक आणि तळाला सुमारे 85 टक्के 'प्रोल', म्हणजे कष्टकरी. पण पक्षात प्रवेश जन्मावर नाही, सोळाव्या वर्षीच्या परीक्षेवर; वंशावरून अडवत नाहीत. म्हणजे वंशभेद नाही आणि विषमता मात्र टोकाची. इथे भेदभाव लिहिलं तर कादंबरीच चुकीची सांगितल्यासारखं होईल.

हक्सलीच्या 1932च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये उलटं. तिथे गर्भ बाटलीत वाढवतात आणि सगळ्यांत वरच्या आल्फापासून बीटा, गॅमा करत तळाच्या एप्सिलॉनपर्यंतचे थर बाटलीतच ठरतात, खालच्या थराच्या गर्भाला प्राणवायू कमी देतात. बीटा मुलांना झोपेत धडा ऐकवतात, त्याचा मथितार्थ असा : आल्फांना फार काम पडतं, गॅमा मूर्ख असतात, आपण आहोत तेच बरं. याला नुसती विषमता पुरत नाही. बाबासाहेबांचा 'श्रेणीबद्ध विषमता' हाच शब्द हवा. त्यातलं मर्म हेच की मधल्या प्रत्येक पायरीला खाली एक पायरी मिळते, म्हणून मधले कधी एकजूट होत नाहीत. त्यासाठी बाटली लागत नाही, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

चिकोडी रोड : तसं न्हवं की हो खानापूरकर, मुख्य फरक राहिला. कादंबरीत विषमता हाच कायदा असतो. आपल्याकडे कायदा समतेचा आणि विषमता वहिवाटीची. संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949च्या भाषणात बाबासाहेबांनी याच विसंगतीवर बोट ठेवलं होतं : राजकारणात समता, सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. दोन्हीकडे एकच शब्द वापरायचा तर त्याआधी 'विधिमान्य' की 'विधिबाह्य' हे विशेषण लावा.

रेशनचं उदाहरण घ्या. 'हंगर गेम्स' या कादंबरीत गरीब मुलाला वर्षाचं धान्य-तेल हवं असेल तर मृत्यूच्या सोडतीत आपलं नाव जादा वेळा घालावं लागतं. या नोंदी साठत जातात. बाराव्या वर्षापासून स्वतःसाठी आणि घरातल्या दोघांसाठी उचल घेणाऱ्याच्या नावाच्या सोळाव्या वर्षी 20 चिठ्ठ्या होतात : नेहमीची एक आणि उचलीच्या तीन, अशा दरवर्षी चार, पाच वर्षं. भुकेची किंमत कायद्यानेच ठरवलेली. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अंत्योदय कार्डाला महिना 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, आणि बदल्यात काही द्यायचं नाही. गाडं अडतं ते यंत्रावर अंगठा न उमटल्यावर. विड्या वळून, खुरपून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. इथे भेदभाव म्हणू नका, कारण कोणी ठरवून केलेलं नसतं, 'वगळणूक' म्हणा. सोपा शब्द आहे, आणि दोष माणसावर न टाकता व्यवस्थेवर टाकतो.

निपाणीकर : मान्य. त्यात प्रादेशिक विषयाची भर घाला. नंजुंडप्पा समितीच्या 2002च्या अहवालात कर्नाटकातल्या 175 पैकी 114 तालुके मागास ठरले : 35 मागास, 40 अतिमागास, 39 अत्यंत मागास. याला मराठीत 'प्रादेशिक असमतोल' म्हणतात, आणि भरून काढायची राहिलेली बाब म्हणजे 'अनुशेष'. कन्नड बातमीतल्या 'असमतोलन'ची शेपटी कापली की काम झालं. गिनी गुणांक (विषमता मोजणारा आकडा) दिलात तर तो उत्पन्नावरचा की खर्चावरचा ते लिहा. श्रीमंत माणूस उत्पन्नातला मोठा वाटा शिल्लक टाकतो, म्हणून खर्चावरून मोजलेली तफावत कमी दिसते.

शहापूर पेठ : आणि डिस्टोपिया? मसुद्यात 'मोगलाई' आहे.

खानापूरकर : मोगलाई, अंधेर नगरी, पोपाबाईचं राज्य, तिन्हींत बेबंदशाही आहे, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही अशी. डिस्टोपियात नेमकं उलट : शिस्त नको तितकी, हजेरी, रांगा, शिक्के, सगळं वेळच्या वेळी. जवळचा मराठी शब्द 'सुलतानी'; अस्मानी-सुलतानीतली ती, म्हणजे माणसाने, सत्तेने आणलेली आपत्ती. पण ती वाचकाला थेट इतिहासात नेते आणि डिस्टोपिया बहुधा पुढच्या काळातला. 'दुःस्वप्नलोक' अर्थाने बसतो, मात्र 'दुःस्वप्नलोकीय कादंबरी' कोणाच्या तोंडात बसणार? इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने 1868मध्ये ब्रिटिश संसदेत 'डिस्टोपियन' शब्द वापरला तोही आयर्लंडच्या कारभारावर बोलताना, कादंबरीसाठी नव्हे.

माझं मत : डिस्टोपिया तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'काटेकोर कायद्याने चालणारं अन्यायाचं राज्य' एवढा खुलासा द्या. शीर्षकात 'विषमता', घटना सांगताना 'भेदभाव', आकड्यांपाशी 'तफावत'. तारतम्य फक्त संपादकाच्या सूचनेत येऊ द्या.