गाजावाजा मोठा, हाती आलं थोडं: अपेक्षाभंग करणारे व्हिडिओ गेम (अनुभव धागा)

गेम फसला असं म्हणून आपण मोकळे होतो, पण त्यात नेमकं काय फसलं हे फार कमी जण लिहून ठेवतात. हा धागा त्यासाठी. ज्यांनी गेम खोलात जाऊन खेळलेत, फाइली उघडून पाहिल्यात, पॅचच्या (गेम आल्यानंतर दिलेल्या दुरुस्त्यांच्या) नोंदी ओळ न् ओळ वाचल्यात, त्यांनी जरूर लिहावं. काय कबूल केलं होतं, प्रत्यक्षात काय मिळालं, बिघाड कुठे होता आणि आज तो गेम घ्यावा का, एवढं आलं तरी पुरे. नुसती चीड नको, कारण हवं.

सुरुवात 'नो मॅन्स स्काय'पासून. ऑगस्ट २०१६, हॅलो गेम्स हा जेमतेम पंधरा जणांचा स्टुडिओ, आणि जाहिरातीत १८ क्विंटिलियन ग्रह. आकडा खरा होता. ग्रहांचा बीजांक (ज्या आकड्यातून ग्रह घडतो तो) ६४ बिटांचा, म्हणजे २ चा ६४ वा घात: १८ वर १८ शून्यं. ग्रह कुठे साठवलेले नसतात, तुम्ही जवळ गेलात की सूत्रातून तयार होतात, आणि तेच बीज दिलं की तोच ग्रह पुन्हा मिळतो. अडचण अशी, की बीज कितीही मोठं असलं तरी ग्रह ज्या सुट्या भागांतून जुळतो ते भाग मोजकेच होते: प्राण्यांचे सांगाडे, झाडांचे साचे, चौक्यांच्या इमारती. थोडे तास गेले की रंग नवा दिसायचा, पण काम तेच. खणा, इंधन भरा, पुढच्या ताऱ्याकडे निघा. आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत पोचलेल्या माणसाला बक्षीस म्हणून दुसरी आकाशगंगा मिळत होती, दुसरं काही नाही. दुसरे खेळाडू भेटू शकतील असं मुलाखतींतून सूचित झालं होतं. पहिल्याच दिवशी दोघं एकाच ग्रहावर एकाच जागी उभे राहिले आणि एकमेकांना दिसले नाहीत.

पुढे स्टुडिओने जाहिराती थांबवून काम केलं, हे मनापासून सांगावंसं वाटतं. नोव्हेंबर २०१६ च्या 'फाउंडेशन'ने तळ बांधायची सोय दिली, जुलै २०१८ च्या 'नेक्स्ट'ने खरं मल्टिप्लेअर आणलं, आणि हे सगळं फुकट. आज नव्याने सुरू करणार असाल तर ऑक्टोबर २०२२ च्या 'वेपॉइंट'पासून मिळालेले काठिण्याचे पर्याय आधी बघा. हवामानाचा त्रास, इंधनाचा खप, सामानाची मर्यादा हे सगळं वेगवेगळं ठरवता येतं. सामानाची मर्यादा सैल ठेवलीत तर सुरुवातीची निम्मी कटकट जाते.

* * *

'सिमसिटी' (शहर बांधायचा गेम, मार्च २०१३) म्हटलं की सर्व्हरचा गोंधळ आठवतो. एकट्याने खेळायलाही सतत इंटरनेट लागायचं, लॉगिनसाठी रांग असायची, सर्व्हरवरचा भार हलका करायला खेळातला सगळ्यात जलद 'चीता' वेगच बंद केला होता. पण सर्व्हर सुधारल्यावरही गेम सुधारला नाही, कारण मूळ दुखणं सिम्युलेशनमध्ये होतं आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

'ग्लासबॉक्स' इंजिनात वीज, पाणी, सांडपाणी, कामगार, ग्राहक हे सगळे रस्त्यावरून धावणारे 'एजंट'. कल्पना सुंदर होती. जाहिरात अशी, की प्रत्येक माणसाचा माग काढता येईल. प्रत्यक्षात कामगाराला कायमचं घर नव्हतं आणि कायमची नोकरीही नव्हती. सकाळी निघाला की सगळ्यात जवळची रिकामी जागा पकडायची, संध्याकाळी सगळ्यात जवळच्या रिकाम्या घरात शिरायचं. परिणामी अख्खी वस्ती एकाच कारखान्याकडे धावते, तो भरला की तोच लोंढा पुढच्या कारखान्याकडे वळतो. आग एका ठिकाणी लागली की सगळे बंब तिकडेच, दुसरी आग तशीच. वाट निवडताना सुरुवातीला फक्त अंतर बघितलं जायचं. कच्चा रस्ता किंचित जवळचा असेल तर शेजारचा रुंद मोकळा रस्ता सोडून गाड्या कच्च्या रस्त्यावरच रांग लावायच्या. हा भाग पुढच्या पॅचांनी बराच सावरला.

आणखी एक गोष्ट खेळाडूंनी कोडमधून शोधली: वर दिसणारा लोकसंख्येचा आकडा साधारण ५०० च्या पुढे फुगवलेला असायचा. प्रत्यक्ष फिरणारे एजंट त्याहून पुष्कळ कमी. म्हणून मोठ्या शहराची आकडेमोड कधीच जुळायची नाही. घरं भरलेली, तरी दुकानं 'कामगार नाहीत' म्हणून बंद. नियोजन चुकलं म्हणून लोक शहर पाडून पुन्हा बांधत राहिले.

शहराची हद्द २ किमी × २ किमी. ती वाढवता येत नाही, आजही नाही. दोन वर्षांनी, मार्च २०१५ मध्ये आलेल्या 'सिटीज: स्कायलाइन्स'मध्ये नऊ तुकडे उघडता यायचे आणि त्यातला एकेक तुकडा जवळपास सिमसिटीच्या अख्ख्या शहराएवढा.

मार्च २०१४ च्या अपडेट १० नंतर गेम ऑफलाइन चालतो. खेळणार असाल तर एवढं पाळा:

– महामार्गाचा फाटा बहुतेक शहरांना एकच असतो. तिथून पहिल्यापासून रुंद अ‍ॅव्हेन्यूच काढा. साध्या रस्त्याची घनता नंतर वाढवता येते, पण त्याचा अ‍ॅव्हेन्यू होत नाही, पाडावा लागतो.
– पहिला चौक फाट्यापासून जमेल तितका लांब. जवळ ठेवला तर सिग्नलची रांग महामार्गापर्यंत जाते आणि शहराचा श्वासच कोंडतो.
– घरं एकीकडे आणि कारखाने दुसरीकडे अशी विभागणी या गेममध्ये अंगाशी येते. एजंट जवळची नोकरी धरतो, म्हणून वस्ती, दुकानं, उद्योग आलटून पालटून लावा.

* * *

वरच्या प्रतिसादाला जोडून 'सिटीज: स्कायलाइन्स २', २४ ऑक्टोबर २०२३. ज्यांनी सिमसिटीची जागा घेतली त्यांचाच दुसरा भाग अडखळला, म्हणून जास्त लागलं. फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कोसळण्याचं मोठं कारण 'लॉड' नसणं. लांबच्या वस्तूसाठी कमी बहुकोनांचं (ज्या सपाट तुकड्यांनी आकृती बनते त्यांचं) हलकं मॉडेल वापरायची ही नेहमीची पद्धत. इथे पादचाऱ्यांच्या मॉडेलला ती पायरीच नव्हती. कॅमेरा ढगात असतानाही खाली चालणाऱ्या प्रत्येकाचे दात पूर्ण तपशिलात ग्राफिक्स कार्डाकडे जात होते. सुधारणा झाली आहे, तरी जुन्या कार्डावर डेप्थ ऑफ फील्ड आणि व्हॉल्युमेट्रिक बंद करा, ग्लोबल इल्युमिनेशन खाली आणा, रिझोल्यूशन १०८० पी ठेवा. लोकसंख्या लाखाच्या पुढे गेली की अडथळा ग्राफिक्स कार्डाचा नसून प्रोसेसरचा असतो, तिथे ही सेटिंग्ज उपयोगी नाहीत.

अर्थव्यवस्थाही सुरुवातीला पोकळ होती. तोटा झाला की सरकारी अनुदान तो भरून काढायचं, त्यामुळे कर आणि खर्च यांचा ताण जाणवायचाच नाही. जून २०२४ च्या 'इकॉनॉमी २.०'ने अनुदान काढलं. त्याआधीची परीक्षणं वाचत असाल तर हा फरक लक्षात घ्या.

* * *

'एलियन्स: कलोनियल मरीन्स' (फेब्रुवारी २०१३). डेमोमधला प्रकाश आणि विक्रीला आलेला गेम यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. शत्रूंच्या बावळटपणामागचं एक कारण मात्र २०१७ मध्ये एका मॉडरला (गेमच्या फाइली बदलणाऱ्या हौशी खेळाडूला) सापडलं. परग्रहावरचे प्राणी सरळ अंगावर धावत येतात, बाजूने वेढा घालत नाहीत, बोगद्यांचा वापर करत नाहीत. का, तर सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त पडलाय. प्राण्याला नकाशातल्या डावपेचाच्या जागांशी जोडणारी आज्ञा त्यामुळे कुठेच पोचत नाही.

पीसीवर दुरुस्ती दोन मिनिटांची. डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात गेमच्या नावाचा फोल्डर, मग पेकनगेम, मग कॉन्फिग. 'पेकनइंजिन' नावाची आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा (आधी तिची प्रत काढून ठेवा), चुकीचं स्पेलिंग शोधा, तो जादा 'ए' पुसा, सेव्ह करा. फरक जाणवतो, प्राणी आडून आडून येतात. गेम त्यामुळे थोर होत नाही. मोहिमेची आखणी मुळातच अरुंद आहे.

* * *

'सायबरपंक २०७७'. एप्रिल, सप्टेंबर, नोव्हेंबर अशा तारखा पुढे ढकलत १० डिसेंबर २०२० ला आला, आणि आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून उतरवला. परत यायला जून २०२१ उजाडला. पीसीवर ठीक आणि पीएस४ वर हाल, यामागे मुख्यतः डेटा स्ट्रीमिंग. गजबजलेलं शहर, वेगात जाणारी गाडी, आणि डेटा यायचा तो जुन्या कन्सोलच्या संथ फिरत्या हार्ड डिस्कवरून. तुम्ही चौकात पोचता तेव्हा चौकाचं टेक्स्चर (पृष्ठभागावरचं चित्र) अजून डिस्कवरच असायचं. म्हणून लोणी फासल्यासारख्या भिंती, अचानक उगवणारी माणसं, रिकामे रस्ते.

जास्त खटकतं ते परीक्षणांचं. आगाऊ प्रती फक्त पीसीच्या दिल्या आणि स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायला मनाई होती. जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे विकत घेणाऱ्याला कळायचा मार्गच नव्हता.

पीसीवर दुसरा धोका होता: सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की खराब. भरमसाट क्राफ्टिंग केलं (वस्तू बनवल्या) की फाइल फुगायची. डिसेंबरमधल्या १.०६ हॉटफिक्सने मर्यादा काढली, पण आधीच खराब झालेल्या सेव्ह परत आल्या नाहीत. पोलीस पाठीमागे हवेतून उगवायचे. गाडीतून खरा पाठलाग सप्टेंबर २०२३ च्या २.० मध्ये आला, कौशल्यांची रचनाही तेव्हाच बदलली. ही आवृत्ती उत्तम आहे, पण ती पीएस४ आणि एक्सबॉक्स वनसाठी नाही, आणि पीसीवर एसएसडी हवीच. जुन्या कन्सोलची डिस्क स्वस्तात मिळाली तरी हे आधी बघा.

* * *

'फायनल फँटसी १४' ची पहिली आवृत्ती, सप्टेंबर २०१०. सूत्रं हाती घेतलेल्या नाओकी योशिदा यांनी पुढे २०१४ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये स्वतः सांगितलेलं उदाहरण: फुलझाडाच्या एका कुंडीला १,००० बहुकोन आणि १५० ओळींचा शेडर कोड (रंग आणि प्रकाश ठरवणारा), म्हणजे खेळाडूच्या पात्राइतकाच खर्च. सगळं बळ सुबक दिसण्यावर गेलं, आणि हजारो लोकांच्या गेममध्ये पडद्यावर मोजकीच पात्रं दाखवायची वेळ आली. लिलावघर नव्हतं, वस्तू हवी तर बाजारातल्या एकेका मदतनिसापाशी जाऊन त्याची यादी उघडायची. जास्त वेळ खेळलात की अनुभवगुण घटत घटत शून्यावर.

यात शिकण्यासारखा निर्णय असा, की डागडुजी सोडून नवा गेम बांधला. जुना चालू ठेवून, समांतर. ११ नोव्हेंबर २०१२ ला जुने सर्व्हर बंद, २७ ऑगस्ट २०१३ ला 'अ रेल्म रीबॉर्न'.

* * *

'अँथम' (फेब्रुवारी २०१९) बद्दल थोडक्यात. उडणं अप्रतिम, बाकी लूट, म्हणजे शत्रू मारून अधिक चांगली हत्यारं मिळवत जाणं, हाच सगळा गाभा, आणि गणित तिथेच तुटलेलं. सुरुवातीला हातात पडणारी पहिल्या पातळीची 'डिफेंडर' रायफल वरच्या दर्जाच्या दुर्मीळ बंदुकांपेक्षा जास्त इजा करते, हे खेळाडूंनी मोजून दाखवलं. नवी बंदूक मिळूनही उपयोग नसेल तर अशा गेममध्ये खेळायला उरतं काय? नूतनीकरणाचा बेत फेब्रुवारी २०२१ मध्ये रद्द झाला. सर्व्हर १२ जानेवारी २०२६ ला बंद झाले, त्यामुळे डिस्क असली तरी आता खेळता येत नाही.

* * *

जुन्या जमान्यातलं कुणी लिहिलं नाही, म्हणून अटारी २६०० हे घरगुती गेम-यंत्र. 'पॅक-मॅन' (१९८२) मधली भुतं का लुकलुकायची? त्या यंत्रात हलत्या पात्रांसाठी स्प्राइट (हलवता येणारी चित्रं) दोनच. एक पॅक-मॅनला, दुसरं चार भुतांत वाटलेलं. प्रत्येक भूत चार फ्रेममध्ये एकदाच काढलं जायचं, म्हणजे सेकंदाला १५ वेळा. कार्ट्रिज ४ केबीचं.

'ई.टी.' त्याच वर्षीचा, नाताळ गाठायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी साधारण पाच आठवड्यांत केलेला. न विकलेली कार्ट्रिज न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलमोगोर्डोला पुरली आणि २०१४ मध्ये ती उकरून काढली. सगळ्यांना वैताग आणतात ते खड्डे. त्याचं कारण टक्कर ओळखण्याची रीत: पात्राचा कुठलाही पिक्सेल खड्ड्याला लागला की पडला. चित्र तिरकस कोनातून काढलेलं, त्यामुळे पाय जमिनीवर असले तरी डोकं मागच्या खड्ड्यावर येतं आणि तेवढ्यावर तो आत जातो. हौशी मंडळींनी बनवलेल्या सुधारित रॉममध्ये (गेमच्या फाइलमध्ये) फक्त पाय धरले जातात. गेम बराच सुसह्य होतो. मूळ गेम खेळणार असाल तर चालताना डोकं बघून चाला, पाय नाही. आणि मान लांब करून वर आलात की लगेच खड्ड्यापासून दूर वळा, नाहीतर पुन्हा आत.

* * *

पैसे परत कसे मिळवायचे तेही इथे असू दे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात जून २०१५ पासून नियम: खरेदीपासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ २ तासांच्या आत. त्याच महिन्यात 'बॅटमॅन: अर्खम नाइट'ची पीसी आवृत्ती ३० फ्रेमला जखडलेली आणि अडखळणारी आली, दुसऱ्याच दिवशी विक्री थांबवावी लागली आणि ती ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली.

ते दोन तास वाया घालवू नका. पात्राचा चेहरा घडवण्यात आणि शेडर तयार होण्यात पाऊण तास सहज जातो, आणि तो मोजला जातो. फ्रेमटाइमचा (एकेक फ्रेम काढायला लागणाऱ्या वेळेचा) आलेख पडद्यावर ठेवा. सरासरी ६० दिसली तरी आलेखात सुळके असतील तर गेम अडखळणारच. पहिलं मोकळं मैदान किंवा गर्दीची जागा आली की तिथे पाच मिनिटं गोल फिरा, एकदा सेव्ह करून गेम बंद करून पुन्हा लोड करा. अभिप्राय वाचताना 'अलीकडचे' हा गाळणीचा पर्याय लावा आणि खेळलेल्या तासांवरूनही गाळा. प्री-ऑर्डर प्रकाशनाआधी कधीही रद्द होते. 'अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅक्सेस'मध्ये (प्रकाशनाआधीच मिळणाऱ्या प्रवेशात) खेळलेला वेळ मात्र एप्रिल २०२४ पासून त्याच दोन तासांत धरला जातो.