शब्दचर्चा : कुत्रं ‘वर्चस्व गाजवतं’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (सातारा)
आमचा कुत्रा भाकरी खात असताना कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. शिकवायला येणारे म्हणाले, “हा डॉमिनंट आहे. उताणा पाडून दाबून धरा, मालक कोण ते कळू दे.” सोसायटीच्या ग्रुपवर हे मराठीत लिहायचं आहे. ‘वर्चस्ववादी’ चालेल का? की ‘शिरजोर’?

उत्तर (सांगली)
दोन्ही नकोत. आणि उताणं पाडणं तर मुळीच नको, ते आधी सांगतो.

‘वर्चस्व’ मुळात संस्कृत ‘वर्चस्’वरून आला, म्हणजे तेज. मराठीत तो वरचष्मा या अर्थानं रुळला, पण कुणाचं आणि कशावर हे सांगितल्याशिवाय आपण तो सहसा वापरत नाही. कारखान्यावर अमक्या गटाचं वर्चस्व, बाजार समितीवर तमक्याचं. प्राण्यांच्या अभ्यासातली संज्ञाही अशीच आहे : ओळखीच्या दोन प्राण्यांत एखाद्या वस्तूवरून वेळ आली की बहुतेकदा माघार कोण घेतो, त्यावरून ठरणारं नातं. तो एकट्या कुत्र्याचा स्वभाव नव्हे. ‘शिरजोर’, ‘माजलेला’ हे तर सरळ आरोप झाले.

प्रश्नकर्ते
पण कळपात एक ‘अल्फा’, म्हणजे सगळ्यांना दाबून ठेवणारा म्होरक्या, असतोच ना? लांडग्यांत असतो म्हणतात.

उत्तर (सांगली)
ती कल्पना कोंडलेल्या लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ सगळीकडे पोचला. पुढे याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब : आई, बाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लं मोठी झाली की बाहेर पडतात आणि आपला संसार थाटतात. मारामारी करून गादी मिळवणारा म्होरक्या तिथं सहसा नसतोच. त्या जोडीला मराठीत नाव द्यायचं तर ‘घरातली कर्ती माणसं’ चपखल बसतं. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, माणसाजवळ राहून त्याच्या हजारो पिढ्या झाल्या. आपल्या गल्लीतली कुत्रीही लांडग्यासारखा संसार करत नाहीत.

आटपाडीहून
आमच्याकडं असल्या कुत्र्याला ‘खायच्या वक्ताला कुणाला जवळ येऊ देत न्हाई’ एवढंच म्हणत्यात. निराळं नाव न्हाई.

उत्तर (सांगली)
हेच बरोबर आहे! जे दिसतं तेच बोलावं. एकच शब्द हवा असेल तर ‘राखणे’ घ्या : ‘तो भाकरी राखतो.’ राखणीचं कुत्रं आपण म्हणतोच.

आता ‘गुरगुरणे’. ‘गुरगुरणे’ हा घशातला लांबट आवाज, ‘गुरकावणे’ म्हणजे कुणावर तरी एकदम केलेला. ताटलीवरचा कुत्रा बारकाईनं पाहा. आधी खाणं थांबतं, मान आणखी खाली जाते, अंग ताठतं, तिरक्या नजरेनं पाहताना डोळ्याचं पांढरं दिसतं. मग गुरगुर. तरीही माणूस पुढे आलाच तर गुरकावणं, आणि त्यानंतर दात. पहिल्या पायरीपासून तो सांगतच असतो, जवळ येऊ नका. त्याला भाकरी जाण्याची धास्ती असते. उताणा पाडून दाबलात तर ती धास्ती खरी ठरते, आणि गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे न गुरगुरताच चावू शकतो. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या मालकांनी कुत्र्याला असं उताणं पाडलं होतं, त्यांपैकी ३१ टक्के जणांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचं सांगितलं.

तुम्ही एवढं करा. तो ताठत नाही इतक्या लांबून उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाका आणि मागे फिरा. माणूस आला की भाकरी जात नाही, उलट वर काहीतरी मिळतं, हे त्याला हळूहळू कळू दे. तोवर पोरांना लांब ठेवा. दात-हिरड्या दुखत असतील तरी कुत्रा असा वागतो, म्हणून पशुवैद्यांना एकदा दाखवाच.

मिरजेहून
आणि दुसऱ्या कुत्र्यावर चढतो, ते तरी वर्चस्वच ना?

उत्तर (सांगली)
बहुतेक वेळा नाही. खेळाच्या भरात, पाहुणे आल्यावर, गोंधळून गेल्यावरही चढतात, माद्यासुद्धा चढतात. त्याला ‘चढणे’ म्हणा, आणि त्याआधी काय घडलं होतं ते सोबत लिहा.