मदत हवी आहे: सैगल, जीन हार्लो आणि नर्गिस यांचे सही केलेले फोटो. सह्या खऱ्या आहेत का, कसं तपासू?

रुपेरीपान

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर तीन फोटो एकगठ्ठा विकायला आहेत. सुटे देत नाहीत. दोन दिवसांत होय-नाही सांगायचं आहे.

१. के. एल. सैगल. ८ बाय १० इंच, चकचकीत कागद, खाली निळ्या बॉलपेननं इंग्रजी सही.
२. जीन हार्लो, हॉलिवूडची जुनी अभिनेत्री. ५ बाय ७ इंच, तपकिरी छटा, शाईपेननं सही.
३. नर्गिस. पोस्टकार्डाएवढा, कोपऱ्यात पांढरी सही.

तिन्ही फ्रेममध्ये आहेत. सोबत प्रमाणपत्र आहे, पण ते विक्रेत्यानंच दिलेलं. दुकानात उभ्या-उभ्या काय तपासता येईल? ओलं बोट फिरवून शाई पुसली जाते का ते बघ, असाही एक सल्ला मिळालाय. तो बरोबर आहे का? आणि घेतलेच तर पावसाळ्यात ठेवायचे कसे?

शाईदौत

ओलं बोट अजिबात नको. जुनी शाईपेनची शाई बहुधा पाण्यात विरघळते, त्यामुळे सही खरी असली तर तुमच्याच हातून पुसली जाईल. शिवाय फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि वाळल्यावर डाग कायमचा राहतो.

आधी फ्रेममधून बाहेर काढून दाखवायला सांगा. काचेआडून काहीही ठरवता येत नाही. विक्रेता नाही म्हणाला तर तिथेच थांबा. सोबत दोन वस्तू न्या: घड्याळजी वापरतात तसं १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च.

भिंगाखाली संपूर्ण चित्रच बारीक ठिपक्यांचं दिसलं तर तो छापखान्यातला कागद आहे, फोटो नव्हे. चित्र सलग असेल तर सहीकडे वळा. फोटो डोळ्यासमोर आडवा धरा आणि प्रकाश बाजूनं येऊ द्या. शाईपेनची शाई चकचकीत थरावर वेगळी बसते, तिची झाक वेगळी दिसते. निबवर दाब पडला की रेघेच्या दोन्ही कडा गडद आणि मध्य फिका होतो. बॉलपेन जिलेटिनमध्ये खाच पाडतं आणि वळणावर शाईची बारीक गुठळी सोडतं. रबरी शिक्का असेल तर कडेला शाई साचलेली दिसते, रेघेची जाडी दाबानुसार बदलत नाही, आणि दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे वरची कुठली, खालची कुठली हे कळत नाही.

नर्गिस यांच्या फोटोवरची पांढरी सही बहुधा प्रिंटचाच भाग असणार. निगेटिव्हवर काळ्या शाईनं लिहिलं की प्रिंटवर ते पांढरं उमटतं, आणि तेच लिखाण प्रत्येक प्रतीवर येतं. पांढऱ्या शाईनं हातानं केलेली सही असेल तर आडव्या प्रकाशात ती किंचित उचललेली दिसेल. पृष्ठभाग सपाट आणि चमक सगळीकडे सारखी असेल तर सही छापील.

कृष्णधवल

सैगल यांच्या फोटोबद्दल माझं मत भिंग लावण्याआधीच प्रतिकूल आहे. त्यांचं निधन १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधरला झालं. अमेरिकेत बॉलपेनची दुकानातली विक्री न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर १९४५ च्या अखेरीस सुरू झाली, तीही साडेबारा डॉलरला एक या भावानं. मधल्या सव्वा वर्षात ते पेन इथे येऊन, आजारी सैगल यांच्या हातात पडून, त्यानं चाहत्यासाठी फोटोवर सही होणं, ही शक्यता नगण्य आहे.

टॉर्चची चाचणी तरीही कराच. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फोटोच्या मागच्या बाजूवर काही सेकंद प्रकाश टाका. कागद निळसर-पांढरा झगझगला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, आणि ती फोटोच्या कागदात साधारण १९५० नंतर आली. म्हणजे प्रिंटच सैगल गेल्यानंतरचं. मात्र उलटा निष्कर्ष काढू नका. नंतरच्याही काही कागदांत ही रसायनं नसतात, त्यामुळे कागद झगझगला नाही म्हणून तो जुना ठरत नाही. कागद प्लास्टिकसारखा लवचिक, पाठ गुळगुळीत असेल तर तो १९७० च्या आसपासचा किंवा नंतरचा.

हार्लोचा फोटो खरा कस पाहणारा आहे. कागद जुना, शाई खरी, हाताची सही, सगळं जुळेल, आणि तरीही ती सही तिची नसेल. स्टुडिओकडे येणाऱ्या चाहत्यांच्या टपालावरच्या बहुतेक सह्या तिची आई करायची, हे संग्राहकांत सर्वज्ञात आहे. गंमत अशी की अभिनेत्रीचं जन्मनाव हार्लीन कार्पेंटर. 'जीन हार्लो' हे आईचं माहेरचं नाव, ते मुलीनं पडद्यासाठी घेतलं. म्हणजे आई फोटोवर स्वतःचंच जुनं नाव लिहीत होती, आणि म्हणूनच हात अडखळत नाही. हार्लो जून १९३७ मध्ये अवघ्या २६ व्या वर्षी गेली, त्यामुळे तिच्या हातच्या सह्या मुळात कमी.

इथे भिंग उपयोगी नाही, तुलना लागते. करार, धनादेश, खासगी पत्रं यांवरच्या सह्यांची आठ-दहा छायाचित्रं मिळवा, शक्यतो त्याच वर्षांतली. अक्षराच्या आकारावर भिस्त ठेवू नका, त्याचीच तर नक्कल होते. पेन कुठे उचललं, कलतेपणा किती, मोठ्या आणि लहान अक्षरांचं प्रमाण काय, शेवटची रेघ वेगात निमुळती होते की बोथट थांबते, हे पाहा.

विक्रेत्याचं प्रमाणपत्र हा त्याचाच शब्द आहे, वेगळा पुरावा नव्हे. त्याऐवजी पावतीवर 'सही अस्सल नसल्यास पूर्ण रक्कम परत' असं लिहून आणि मुदत घालून घ्या.

रुपेरीपान

फ्रेममधून काढून पाहिले. सैगल: पाठ निळी झगझगते. शिवाय फोटोतच धुळीचे पांढरे कण छापले गेले आहेत. नर्गिस: सही पूर्ण सपाट. हार्लो: झगझगत नाही, गडद भागांच्या कडेला आरशासारखी निळसर चमक आहे, शाई वर बसलेली दिसते.

कृष्णधवल

छापलेले धूलिकण म्हणजे हा फोटोवरून काढलेला फोटो असू शकतो. पाठही झगझगते, म्हणून सैगल बाद. हार्लोवरची चमक म्हणजे जुन्या प्रिंटमधली चांदी वर आलेली आहे, वयाला साजेसं लक्षण आहे, ते पुसायला जाऊ नका. तीन सह्यांचा भाव देऊ नका. आईच्या हातची म्हणून हार्लोची, आणि साधे फोटो म्हणून बाकी दोन, एवढीच किंमत सांगा. आईच्या सह्यांनाही गिऱ्हाईक असतं, पण हार्लोच्या सहीच्या तुलनेत फारच कमी भावात.

कसरमुक्त

साठवणीचं सांगतो. लॅमिनेशन, सेलोटेप, डिंक, डांबरगोळ्या यांतलं काहीही नको. रेग्झिनसारखा वास येणारे पारदर्शक खिसे पीव्हीसीचे असतात, ते शाई ओढून घेतात. पॉलिएस्टरचा खिसा सुरक्षित, पण कोकणपट्टीच्या पावसाळ्यात चकचकीत जिलेटिन त्यालाही चिकटतं. म्हणून इथे आम्लमुक्त कागदाचं पाकीट बरं.

पाकिटं झाकण घट्ट बसणाऱ्या १० लिटरच्या डब्यात ठेवा. आत कापडी पिशवीत १०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे निळे दाणे) आणि एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र. आर्द्रता ३५ ते ५० टक्के हवी. ६५ च्या वर बुरशी धरते, ३० च्या खाली फोटो गोल वळतो आणि जिलेटिनला तडे जातात, म्हणून आकडा बघून जेल कमी-जास्त करा. डबा कोरड्या दिवशी भरा, नाहीतर दमट हवाच आत कोंडली जाते. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा.

भिंतीवर स्कॅन करून काढलेली प्रत लावा. शाईपेनची निळी शाई उजेडात उडते, आणि यूव्ही अडवणारी काच दृश्य प्रकाश थांबवत नाही.